घरच्या घरी हॉप्सचा सुगंध : कॉफी प्रेस, पेट बाटली आणि आरओचं हाउसिंग

बीअरला पपनसाच्या सालीसारखा, कच्च्या आंब्यासारखा किंवा झाडपाल्यासारखा जो वास येतो, तो माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) नसतो, हॉप्सचा असतो. हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुलं. फुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते, तिला ल्युप्युलिन म्हणतात. कडवटपणाही तिच्यात आणि सुगंधी तेलंही तिच्यातच. कडवटपणा उकळून काढावा लागतो. सुगंध मात्र उकळला की वाफेबरोबर निघून जातो. या लेखात जे काही सांगितलंय ते सगळं या एका भांडणातून निघतं.

आधी कायद्याचं. इंदुरात घरी बीअर बनवता येत नाही. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, १९१५ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. ‘घरापुरतीच केली’ हे उत्तर चालत नाही. म्हणून इथे अल्कोहोल नसलेल्या दोनच गोष्टी धरल्या आहेत : हॉप-वॉटर, म्हणजे हॉप्सचा वास दिलेला सोडा, आणि दुकानात मिळणारी ०.० टक्क्यांची बीअर. साधनं आणि हॉप्स तेच. यीस्टचा या लेखात काही संबंध नाही, आणि तुमच्या बाटलीतही नसावा.

## १. सामान गोळा करा

रोजच्या दोन पद्धतींना एवढं पुरतं :

- हॉप्स, ५० किंवा १०० ग्रॅमचं बंद पाकीट
- काचेचा किंवा स्टीलचा कॉफी प्रेस, ६०० मिलि ते १ लिटर
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा. सराफ्यात तोलाईवाल्यांकडे चौकशी केली की तो कुठे मिळतो ते कळतं. स्वयंपाकघरातला काटा २ ग्रॅम नीट दाखवत नाही.
- सायट्रिक अ‍ॅसिड. सियागंजात ‘नींबू फूल’ म्हणून मागा.
- पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायच्या पट्ट्या (आकडा जितका कमी तितकं आंबट; ३ ते ६ मधला फरक स्पष्ट दाखवणाऱ्या) आणि मेडिकलमधून बिनसुईची ५ मिलिची सिरिंज
- १०० डिग्रीपर्यंतचा थर्मामीटर
- मलमल किंवा कागदी कॉफी फिल्टर
- कोल्ड्रिंकच्या २ लिटरच्या रिकाम्या पेट बाटल्या

आरओ हाउसिंगचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या यंत्रातल्या फिल्टरच्या भांड्याचं, सामान पाचव्या पायरीत आहे. ते आजच आणू नका. पहिल्या दोन पद्धती करून बघितल्याशिवाय त्यात पैसे घालण्यात अर्थ नाही.

## २. हॉप्स निवडणं आणि सांभाळणं

हिमाचलातल्या लाहौलमध्ये हॉप्सची लागवड होते, पण हौशी माणसाच्या हाती येतात ते बहुतेक आयात केलेले, ऑनलाइन मागवलेले पेलेट्स. पेलेट म्हणजे फुलांची पूड दाबून केलेली बारीक हिरवी गोळी. पाण्यात पडली की दोन-चार मिनिटांत फुलते आणि चिखल होते. आख्खी सुकी फुलंही मिळतात, पण कमी.

पहिल्यांदा कास्केड घ्या. अमेरिकेत १९७२ मध्ये आलेला हा वाण पपनसासारखा वास देतो आणि प्रमाण थोडं चुकलं तरी सांभाळून घेतो. सिट्राचा वास जोरकस, लिची-आंब्याकडे झुकणारा. त्याचा हात जरा जड पडला की बाकी काही लागतच नाही. चेक देशातला साझ सौम्य, मसाल्याच्या अंगाचा. तो ०.० बीअरमध्ये छान उतरतो, नुसत्या सोड्यात फिका पडतो.

पाकिटावर तीन गोष्टी बघा : कोणत्या सालचं पीक, अल्फा अ‍ॅसिड किती टक्के, आणि पाकीट चांदीच्या कागदाचं, हवा काढलेलं आहे का. अल्फाचा आकडा कडवटपणाचा आहे, सुगंधाचा नाही. मोठा आकडा म्हणजे भारी माल असं समजू नका. जडीबुटीवाल्याकडे ‘झोपेसाठी’ म्हणून सुटे तपकिरी हॉप्स मिळाले तर स्वस्त असले तरी नकोत.

पाकीट उघडलं की एक पेलेट नखाने फोडा. आतून हिरवट, मध्ये पिवळे कण, आणि बोटाला डिंकासारखा चिकटपणा लागला पाहिजे. तळव्यावर चोळून लगेच हुंगा. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास आला तर हॉप्स जुने आहेत. त्यातली अ‍ॅसिडं हवेने बिघडली की हाच वास येतो आणि तो पुढे कशानेही जात नाही.

एप्रिल-मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत पाकीट दोन दिवस भाजून निघतं. इंदुरात मागवायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी मागवा आणि आल्याबरोबर फ्रीझरमध्ये टाका. उघडलेल्या पाकिटातली हवा दाबून काढा, तोंड घडी करून चिकटपट्टी लावा, मग डब्यात ठेवा.

घरात कुत्रा असेल तर एक गोष्ट अगदी गंभीरपणे घ्या : हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत. ताजे असोत वा वापरून झालेले, पोटात गेले तर अंगातला ताप झपाट्याने वाढतो आणि कुत्रा दगावूही शकतो. गाळलेला चोथा उघड्या कचऱ्यात किंवा कुंडीत टाकू नका.

## ३. सगळ्यात सोपी पद्धत : कॉफी प्रेसमध्ये ०.० बीअर

लेबलवर ०.० टक्के लिहिलेलीच बीअर घ्या. नुसतं ‘नॉन-अल्कोहोलिक’ लिहिलेल्या काही पेयांत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं.

१. प्रेस अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. बीअरही अगदी गार हवी, ४ अंशांच्या आसपास.
२. ३३० मिलिला २ ग्रॅम पेलेट्स तळाशी टाका.
३. बीअर भांड्याच्या कडेने, अगदी हळू ओता. घाई केली तर फेस ओट्यावर येतो, कारण पेलेटच्या प्रत्येक कणावर वायूचे बुडबुडे धरतात. भांडं निम्म्याच्या फारसं वर भरू नका.
४. झाकण ठेवा, दांडा वरच राहू द्या, ५ मिनिटं थांबा. मध्ये एकदा भांडं हलकंसं फिरवा, ढवळू नका.
५. दांडा सावकाश, अर्ध्या मिनिटात खाली न्या. जोर लागला तर थांबा. जाळीत चुरा अडकलाय. थोडा वर घेऊन पुन्हा दाबा.
६. ग्लासात ओतून लगेच प्या.

दहा मिनिटांच्या पुढे गेलात तर वास फारसा वाढत नाही, ओल्या गवताची तुरट चव तेवढी वाढते. ही बीअर पुन्हा बाटलीत भरून ठेवायची नाही. कंपनीने ती पाश्चराइझ केलेली असते, पण हॉप्सबरोबर जंतू आत जातात आणि त्यांना खायला बीअरमध्ये साखर आहेच. आणखी एक : ग्लास घेऊन गच्चीवर उन्हात बसू नका. हॉप्सचा कडवट भाग आणि बीअरमधलं रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) यांच्यावर ऊन पडलं की गंधकाचा घाणेरडा वास सुटतो. त्याला काही मिनिटं पुरतात. बीअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या याच कारणाने.

## ४. हॉप-वॉटर : इथे क्रम चुकवायचा नाही

हॉप-वॉटर पाण्यासारखं दिसतं म्हणून लोक ते सहज घेतात. वास्तविक बीअरपेक्षा यात जास्त सांभाळावं लागतं. बीअरला अल्कोहोल राखतं, इथे राखायला काहीच नाही. ते काम आंबटपणाला करायला लावायचं असतं.

पाणी. बोअरचं पाणी नको. त्याचा क्षार सगळं अ‍ॅसिड खाऊन टाकतो आणि कडवटपणा जिभेवर खरखरीत लागतो. जलूदहून येणारं नर्मदेचं नळाचं पाणी चालतं, पण त्यातलं क्लोरीन काढायला हवं. नाहीतर हॉप्सशी त्याचा संयोग होऊन दवाखान्यासारखा वास येतो. आरओचं पाणी सगळ्यात सोपं. कुठलंही घ्या, ५ मिनिटं उघड्या भांड्यात खळखळून उकळा.

अ‍ॅसिड, हॉप्सच्या आधी. १० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलि करा. या द्रावाचे २ मिलि म्हणजे ०.२ ग्रॅम. आरओच्या पाण्याला लिटरमागे २ मिलि घाला, ढवळा, पट्टी बुडवा. पीएच ४ च्या आसपास किंवा त्याखाली पाहिजे. वर असेल तर अर्धा-अर्धा मिलि वाढवा. नळाच्या पाण्याला बरंच जास्त लागेल, तेव्हा मापापेक्षा पट्टीवर भरवसा ठेवा. ४.६ च्या वर बोटुलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंना वाव असतो, म्हणून ही पायरी चवीपुरती समजून सोडायची नाही. शिवाय आंबट पाण्यात कडवटपणा कमी उतरतो. अ‍ॅसिड नंतर घातलं तर हा फायदा हातचा जातो.

पहिले हॉप्स, कोमट नव्हे आणि उकळतेही नव्हे. गॅस बंद करून पाणी ७५ अंशांवर येऊ द्या. लिटरला १ ग्रॅम पेलेट्स टाका, झाकण लावा, १० मिनिटं. ८० च्या वर अल्फा अ‍ॅसिडचं कडवट रूपात बदलणं वेग घेतं आणि तेलंही उडतात. झाकण विसरलात तर स्वयंपाकघर सुगंधी होतं, पाणी नाही.

गाळणं आणि झटपट गार करणं. मलमल आधी पाच मिनिटं उकळून घ्या, नव्या कापडाची खळ पाण्यात उतरते. गाळून भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा, वीस-पंचवीस मिनिटांत गार झालं पाहिजे. ओट्यावर रात्रभर ठेवलेलं हॉप-वॉटर सकाळी ओतून द्या.

दुसरे हॉप्स, गारच. लिटरला २ ग्रॅम, झाकलेल्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, फ्रीजमध्ये १२ तास. खरा सुगंध या पायरीत येतो. सकाळी चुरा तळाशी बसलेला असतो. वरचं पाणी न हलवता काढा आणि कागदी फिल्टरमधून सावकाश जाऊ द्या. कंटाळा करून हे गाळणं टाळलं तर पुढे सोडा भरताना बाटली कारंजासारखी उडते.

बुडबुडे. दोन रस्ते आहेत.

बिनसिलिंडरचा : वरच्याच पद्धतीने अर्क करा. ५०० मिलि आंबट केलेल्या पाण्यात ८ ग्रॅम पेलेट्स, फ्रीजमध्ये १२ तास, मग गाळून घ्या. ३०० मिलि गार सोड्यात ५० मिलि अर्क. फक्त सोड्याच्या बाटलीवरचं साहित्य वाचा. त्यात सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आयएनएस ५००(ii) असेल तर ते आंबटपणा मारतं आणि चव साबणासारखी लागते. अशा ग्लासात अर्धं लिंबू पिळा, किंवा साध्या कार्बोनेटेड पाण्याची बाटली शोधा.

सिलिंडरचा : फूड-ग्रेड कार्बन डायऑक्साइड, रेग्युलेटर आणि पेट बाटलीवर बसणारं कार्बोनेशनचं झाकण. २ लिटरच्या बाटलीत दीड लिटर अगदी गार पाणी भरा, बाटली दाबून वरची हवा काढा, झाकण लावा. ३० पीएसआयवर (रेग्युलेटरवरचं दाबाचं माप) वायू सोडून मिनिटभर जोरात हलवा, तासभर फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा हलवा. रेग्युलेटरशिवाय सिलिंडर कधीही जोडायचा नाही. काचेच्या बाटलीत कधीही नाही, पेट बाटलीवर चिरा किंवा पांढरे वळ असतील तर तीही नाही. खोलीची खिडकी उघडी हवी आणि सिलिंडर बांधून उभा हवा.

हे पाणी फ्रीजमध्ये चार-पाच दिवसांत संपवा. हॉप्सची तेलं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, ती प्लास्टिकला चिकटत जातात. तिसऱ्या दिवशी वास पाण्याला कमी आणि बाटलीला जास्त येऊ लागतो.

## ५. आरओच्या हाउसिंगचा हॉप-फिल्टर

अमेरिकेत डॉगफिश हेड या ब्रुअरीने २००२ मध्ये ‘रँडल’ नावाचं साधन काढलं : पाण्याच्या फिल्टरसारख्या भांड्यात आख्खे हॉप्स भरायचे आणि बीअर त्यातून थेट ग्लासात. आपल्याकडे हे भांडं घरोघरी आरओच्या बाहेर लटकलेलं असतं.

लागेल ते :

- १० इंची पारदर्शक हाउसिंग, नवं, पाव इंची तोंडांचं. वापरलेलं नको, त्याचा गाळाचा वास जात नाही.
- हाउसिंगचा पाना आणि जास्तीची ओ-रिंग (झाकणाच्या खाचेत बसणारं रबरी कडं)
- बारीक स्टील जाळीची नळी, एक टोक बंद
- दोन पुश-फिट कनेक्टर, मीटरभर आरओची पाव इंची पाइप, एक छोटा बॉल व्हॉल्व्ह
- टेफ्लॉन टेप
- कार्बोनेशनच्या झाकणावर बसणारं काळं डिस्कनेक्ट, म्हणजे पाइप जोडायचा काढता-घालता जोड. काळं द्रवाचं, करडं वायूचं.
- आख्खी सुकी हॉप्सची फुलं, १५ ग्रॅम

शेवटची ओळ पुन्हा वाचा. पेलेट्स इथे चालत नाहीत. त्यांचा चिखल पहिल्या ग्लासातच जाळी बंद करतो, दाब वाढतो आणि सांध्यांतून पाणी सुटतं. फुलं मिळत नसतील तर हे साधन शोभेचं आहे. कॉफी प्रेसवर खुशाल राहा.

जोडणी. हाउसिंगच्या झाकणावर आत आणि बाहेर जायच्या बाणाच्या खुणा असतात. आत येणारं पाणी कार्ट्रिजच्या बाहेरच्या अंगाला पडतं आणि मधल्या नळीतून बाहेर जातं. म्हणून जाळीच्या नळीचं उघडं तोंड झाकणाच्या मधल्या तोटीवर घट्ट बसवायचं आणि हॉप्स नळीच्या बाहेर, भांड्यात भरायचे. तोटी आणि जाळीत फट राहिली तर फूड-ग्रेड सिलिकॉनची चकती कापून घाला. उलटं जोडलंत, म्हणजे हॉप्स नळीच्या आत, तर पाकळ्या थेट व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. बाहेरच्या पाइपला व्हॉल्व्ह लावा. आतली पाइप फूटभरच ठेवा.

गळती तपासणी. हॉप्स न भरता, साध्या पाण्याने. सांध्यांना कोरडा टिश्यू गुंडाळा, दहा मिनिटांनी बघा. ओ-रिंग खाचेत पिळून बसली की पाना कितीही आवळा, थेंब येतच राहतो. उघडून ओ-रिंग सरळ करा.

सफाई. ४ लिटर पाण्यात बिनवासाच्या ब्लीचचा (५ टक्के) एक चहाचा चमचा, १० मिनिटं, मग उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा धुवा. गरम पाणी हाउसिंगमध्ये कधीच नाही, प्लास्टिक नरम होतं. ब्लीच आणि सायट्रिक अ‍ॅसिड एकत्र येऊ देऊ नका. विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही कामं एकाच बेसिनवर होत असतील तर मध्ये बेसिन धुवून घ्या.

चालवणं.

१. फुलं भांड्यात सैल भरा, दाबू नका. गार उकळलेलं पाणी एकदा घालून ओतून द्या, म्हणजे सुटी धूळ जाते.
२. हाउसिंग बंद करून तासभर फ्रीजमध्ये ठेवा. कोमट भांड्यात सोडा शिरला की नुसता फेस.
३. सोडा भरलेल्या बाटलीचा दाब सोडून १० पीएसआयवर आणा. त्याच्या वर जायचं नाही. ही भांडी पाण्याच्या दाबासाठी बनवलेली असतात, वायूच्या नाही. वायूने फुटली तर तुकडे उडतात. म्हणून भांड्याभोवती जाड टॉवेल गुंडाळा आणि चेहरा लांब ठेवा.
४. बाहेरचा व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवून बाटली उलटी धरा, काळं डिस्कनेक्ट बसवा. भांडं हळूहळू भरू द्या. हवा बाहेर निघताना फुसफुस होते, ती थांबली की व्हॉल्व्ह बंद.
५. १५ मिनिटं थांबा. मग ग्लास तिरपा धरून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. अर्धवट उघडला की त्या अरुंद जागी वायू सुटतो आणि ग्लासात पांढरा फेसच येतो.

दहा इंची भांड्यात बरंच पाणी अडकून राहतं, म्हणून दोन बाटल्या तयार ठेवा. पहिली भांडं भरण्यातच जवळजवळ जाते. शेवटी उरलेलं पाणी वायूने ढकलायच्या भानगडीत पडू नका. दाब सोडा, झाकण उघडा, गाळून घ्या. १५ ग्रॅम फुलांतून तीन-चार लिटर निघतात, त्यानंतर नुसता गवताचा चहा. वापरलेली फुलं रात्रभर भांड्यात ठेवली तर सकाळी आंबूस वास मारतो आणि ओ-रिंग कायमची वासाची होते.

## ६. बिघडलं तर

वासच नाही. हॉप्स जुने, पाणी फार गरम, किंवा झाकण उघडं. प्रमाण वाढवण्याआधी हे तीन बघा.

घशाला खरखर. चुरा नीट गाळला गेलेला नाही. अजून एक रात्र फ्रीजमध्ये बसू द्या, पुन्हा कागदातून काढा.

वास छान, चव पांचट. पीएच बघा, बहुधा ४.५ च्या पुढे असेल. पाव चमचा साखर घालायचा मोह होईल, पण साखर घातलेलं हॉप-वॉटर त्याच दिवशी प्यायचं.

दुसऱ्या दिवशी ओल्या पुठ्ठ्याची चव. हवा लागली. ओतताना पाणी उंचावरून पाडू नका, बाटलीत वर हवा राहू देऊ नका.

वायू न भरलेली बाटली फ्रीजमध्ये आपोआप फुगली, कडक झाली. आत काहीतरी आंबतंय. चव बघू नका. बेसिनमध्ये झाकण हळूच सैल करून सगळं ओतून द्या आणि ती बाटलीही टाकून द्या.

गरोदर बायकांनी आणि झोपेची औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये. पाहुण्यांना देतानाही आधी सांगा. लिंबू सोडा समजून मोठा घोट घेतला की चेहरा बघण्यासारखा होतो.